कुठून आलात?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही बोनसवर, महागाईभत्त्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळविलेला विषय वाचल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. खासगी शिडाच्या होडीतून परदेशी बंदरात शिरताना जे कस्टमचे सोपस्कार करावे लागतात, त्यांच्याशी हमालांच्या नि वाहतूक कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. तेव्हा आधी त्याचे उत्तर देतो.

आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले, फाटकावर अधिक झाले. कारखान्याचे फाटक, गोदीचे फाटक, मार्केट यार्डाचे फाटक, जकातनाका. या सर्व ठिकाणी माणसाला तेच प्रश्न विचारले जातात : तू कोण? कुठून आलास? बरोबर काय आणलेस? या प्रश्नांना कायद्यात काय आधार आहे, हे शोधण्यासाठी आम्ही पुस्तके चाळू लागलो आणि चाळता चाळता समुद्रापर्यंत जाऊन पोहोचलो. तेथे आम्हांला असे दिसले की, फाटकाचा कायदा जर नीट समजून घ्यायचा असेल, तर मोठ्या आगबोटीकडे पाहू नये; लहान होडीकडे पाहावे. मोठ्या आगबोटीला कंपनी असते, बंदरात तिचा एजंट असतो, कागद रंगवायला कारकून असतात. लहान होडीत एकच माणूस मालक, तांडेल, खलाशी, भटारी आणि कारकून असतो. फाटकावरचा प्रत्येक प्रश्न थेट त्याच्याच छातीवर येतो.

अशाच एका होडीची हकीकत प्रथम सांगतो. ती आपल्या मुंबईची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक इंग्रज तरुण मुंबईकडे ये-जा करणाऱ्या एका जहाज कंपनीत अधिकारी होता. त्याने १९६० नंतरच्या काही वर्षांत कुलाब्याला आपल्या सुतारांकडून सागवानी लाकडाची बत्तीस फुटांची एक होडी बांधून घेतली. तिचे नाव 'सुहेली'. वाकस नि हातसामता यांनी, म्हणजे हातातल्या साध्या हत्यारांनी, ती घडली. याच होडीतून तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदरातून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता, कोणत्याही बंदराला न लागता, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच फालमथला परत आला. ३१२ दिवस लागले. एकट्याने, न थांबता जगाला फेरी घालणारा तो पहिला माणूस. शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटास गेला तो हा एकटा. या विक्रमाचे पोवाडे पुष्कळ झाले, परंतु त्या सुतारांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत, एवढे आम्ही जाता जाता नमूद करतो.

आता पाहा, किनारा माणसांनी फुलला आहे आणि होडीवर सर्वांच्या आधी चढतात ते कस्टमचे अधिकारी. ते नियमाप्रमाणे विचारतात, "कुठून आलात?" आणि तो उत्तर देतो, "फालमथहून." लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. आम्हांला तिच्यात विनोदापेक्षा अधिक काही दिसते. सगळ्या जगाला ठाऊक होते की हा माणूस कुठून आला आहे. तरीही प्रश्न विचारला गेला, कारण उत्तर देणाऱ्याच्या तोंडून ते यावे लागते. विक्रमवीर झाला म्हणून त्याला सूट नाही. फाटक असावे तर असे असावे. पण प्रत्येक फाटक असे असते काय? हाच आजचा आमचा विषय.

होडीवाल्याला परदेशी बंदरात मुख्यतः चार गोष्टींचा जाब द्यावा लागतो. पहिली आरोग्याची, दुसरी माणसांची, तिसरी मालाची आणि चौथी खुद्द होडीची. क्रमाने घेऊ.

आरोग्याचा जाब सर्वांत जुना. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रगुसा नावाचे व्यापारी नगर होते. त्यालाच आज दुब्रॉव्हनिक म्हणतात. प्लेगच्या भीतीने त्या नगराने १३७७ साली असा ठराव केला की, साथीच्या मुलखातून येणाऱ्याने तीस दिवस बाहेर राहावे. पुढे तीसाचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतील चाळीस या आकड्यावरून 'क्वारंटाइन' हा शब्द निघाला. २०२० सालापासून आपल्या घरातल्या आजीबाईंनाही तो पाठ झाला आहे. मुंबईला १८९६ साली गाठीचा प्लेग आला, तेव्हा जगातली बंदरे मुंबईहून येणाऱ्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली आणि १८९७ साली व्हेनिस येथे त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. म्हणजे या फाटकाच्या दोन्ही बाजूंना आपण उभे राहिलो आहोत.

आजही होडी परक्या देशाच्या हद्दीत शिरली की डोलकाठीच्या उजव्या अंगाला एक पिवळे निशाण चढवावे लागते. सागरी संकेतांत त्याला 'क्यू' म्हणतात. त्याचा अर्थ असा की, माझ्या होडीवर रोगराई नाही, मला बंदराशी व्यवहार करण्याची मोकळीक द्यावी. ती मोकळीक मिळेपर्यंत कोणी धक्क्यावर पाय ठेवायचा नाही, कोणाला होडीवर घ्यायचे नाही, शेजारच्या होडीला साधी भाजीसुद्धा द्यायची नाही. बऱ्याच देशांत फक्त तांडेलाने सर्वांचे पासपोर्ट घेऊन कचेरीत जायचे. बाकीच्यांनी होडीवर थांबायचे. काम झाले की पिवळे निशाण उतरवून त्या देशाचे छोटे निशाण पाहुण्याच्या रीतीने चढवायचे. शिष्टाचार साधा आहे, पण अर्थपूर्ण आहे. दुसऱ्याच्या ओसरीवर चढण्यापूर्वी आपणही पायावर पाणी घेतो.

दुसरा जाब माणसांचा. येथे हद्दीचा कायदा थोडा समजून घेऊ. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा समुद्र. त्यापुढे चोवीस मैलांपर्यंतच्या पट्ट्यात कस्टम, आरोग्य आणि परकीयांचा प्रवेश यांबाबतचे कायदे मोडले जाऊ नयेत म्हणून त्या देशाला देखरेख करता येते. परक्या होडीला बारा मैलांच्या आतूनही निरुपद्रवीपणे निघून जाण्याचा हक्क आहे. तुफान झाले, होडी मोडली, जीव धोक्यात आला तर थांबण्याची नि नांगर टाकण्याचीही मुभा आहे. मात्र हौसेने नांगर टाकून किनाऱ्यावर उतरायचे म्हटले, की फाटक आले.

मोठ्या जहाजांचे कागदपत्र सर्व देशांत सारखे नि थोडे असावेत म्हणून १९६५ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. चांगला करार आहे. पण त्यातच एक कलम असे आहे की, तो युद्धनौकांना आणि हौशी होड्यांना लागू नाही. त्यामुळे लाखो टनांच्या जहाजाला जी सोय आहे ती दहा टनांच्या होडीला नाही. तिला प्रत्येक देशाचा वेगळा नमुना, वेगळी मुदत, वेगळी फी. ऑस्ट्रेलियाला निदान बारा तास आधी येण्याची वर्दी द्यावी लागते. अमेरिकेत आणखी एक मौज आहे. ज्या देशांच्या नागरिकांना विमानाने व्हिसाशिवाय जाता येते, त्यांनाही खासगी होडीने गेल्यास आधी व्हिसा काढावा लागतो. माणूस तोच, पासपोर्ट तोच. वाहन बदलले की कायदा बदलला. स्पॅनिश भाषेच्या मुलखात मागच्या बंदराचा निर्गमन दाखला दाखविल्याशिवाय पुढच्या बंदरात जवळजवळ कोणी उभे करीत नाही. म्हणून जुने दर्यावर्दी नवख्यांना सांगतात : आत येताना जितकी काळजी घ्याल तितकीच बाहेर पडताना घ्या. निघतानाचा शिक्का राहिला, तर तो पुढच्या देशात जाऊन आडवा येतो.

तिसरा जाब मालाचा. होडीवर दारू किती, तंबाखू किती, रोख रक्कम किती, शस्त्र आहे काय, औषधे कोणती. जादा दारू-तंबाखू असेल तर कित्येक ठिकाणी अधिकारी ती एका कपाटात ठेवून कपाटाला सील मारतात आणि होडी निघेपर्यंत ते फोडायचे नाही. शस्त्र बहुधा जमा करून घेतात. येथे एकच नियम लक्षात ठेवावा : विचारण्यापूर्वी सांगावे. सांगितलेली बाटली म्हणजे फार तर थोडी जकात. लपविलेली बाटली म्हणजे गुन्हा.

न्यूझीलंडमध्ये तर दारूपेक्षा मधाच्या बाटलीला अधिक भितात. उत्तरेकडच्या ओपुआ बंदरात पॅसिफिक बेटांकडून येणाऱ्या पुष्कळ होड्या लागतात. तेथे अधिकारी मध, ताजी फळे, मांस, बियाणे शोधतात, बुटांच्या तळव्याची माती पाहतात. मे २०१८ पासून होडीचा बुडाचा भागही स्वच्छ असावा लागतो. आपल्याकडे होडी सुकतीवर ओढून तिच्या तळाचे शेवाळ नि शिंपले खरवडतात, ते काम तेथे कायद्याने सक्तीचे आहे, आणि त्याचा पुरावा द्यावा लागतो. हा छळ आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. भूमध्य समुद्राकडचा नळीत राहणारा एक किडा २००८ साली त्या देशाच्या लिटल्टन बंदरात सापडला. असले पाहुणे जहाजांच्या तळाला चिकटून येतात आणि मग जायचे नाव घेत नाहीत. ज्या देशाची भाकरी दुभत्यावर, फळबागांवर आणि समुद्रातल्या शिंपल्यांच्या शेतीवर आहे, त्याने दार तपासून उघडले तर त्याला दोष कसा द्यावा? त्या शेतीवर राबणारे हातही कामगारांचेच आहेत. २००९-१० मध्ये आपले दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या चार मुक्कामांपैकी एक हेच लिटल्टन होते.

चौथा जाब होडीचा. माणूस होडीतून उतरतो तेव्हा होडीला वाहन समजतो. कस्टमच्या दृष्टीने होडी हाही माल आहे. ती देशात राहिली, विकली गेली, तर तिच्यावर जकात बसते. म्हणून पाहुण्या होडीला ठराविक मुदतीची तात्पुरती आयात म्हणून सोडतात. यासाठी १९५६ साली जिनीव्हा येथे एक करारही झाला. युरोपीय संघात बाहेरच्या माणसाच्या होडीला आज अठरा महिन्यांची मुदत मिळते. मुदत उलटली की होडीच्या किमतीवर कर. त्यामुळे होडीची नोंदणी, मालकीचा दाखला आणि आत आल्याची तारीख दाखविणारा कागद हे तिघे भाऊ कधी वेगळे होऊ द्यायचे नाहीत.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस जोशुआ स्लोकम. १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या जुन्या होडीतून तो फिरला. बहुतेक बंदरांनी त्याच्याकडून काहीच घेतले नाही. मेलबर्नच्या कस्टमने मात्र टनामागे सहा पेन्स लावले. होडी तेरा टनांहून थोडी कमी भरत होती. तरी अधिकाऱ्याने पूर्ण तेरा टन धरून साडेसहा शिलिंग वसूल केले. स्लोकमने भांडण केले नाही. होडी पाहायला येणाऱ्यांकडून त्याने माणशी सहा पेन्स घेतले, आणि तो धंदा मंदावला तेव्हा एक शार्क पकडून तो पाहण्याचे सहा पेन्स लावले. असा माणूस संघटनेत असता तर आम्ही त्याला खजिनदार केला असता.

श्रोतेहो, येथवर नियमांचे सांगितले. आता नियम चालविणाऱ्या माणसांविषयी बोलू. दर्यावर्दी लोकांच्या गप्पांत कस्टमचा माणूस नेहमी खलनायक असतो. आम्ही त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. तोही पगारी नोकर आहे. दुपारच्या उन्हात लाँचमधून हेलकावे खात तो पन्नासाव्या होडीवर चढतो, तेव्हा त्याच्या हाती दुसऱ्यांनी केलेला कायदा असतो. रविवारी किंवा रात्री बोलावले तर कित्येक देशांत जादा फी पडते, त्याबद्दल होडीवाले कुरकुरतात. ओव्हरटाइमला पैसे पडतात याचे आम्हांला तरी नवल वाटत नाही!

पण एक भेद आम्ही काटेकोरपणे करतो. भिंतीवर लिहिलेला नियम वेगळा आणि खिशातला नियम वेगळा. मुंबईतली जकात २०१७ साली बंद झाली, इतर शहरांतली त्याआधी गेली. त्या काळात एका नाक्यावर आमचे ट्रकड्रायव्हर रात्र-रात्र उभे राहत. दर काय, हे कोठेही लावलेले नव्हते. माणूस पाहून आकडा निघे. संघटनेने फार मोठी मागणी केली नाही. दराचा फलक लावा, घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती द्या, आणि गाडी अडविली तर कारण लिहून द्या, एवढेच मागितले. हे तीन मागण्यांचे पत्रक घेऊन आम्ही दोन महिने नाक्यावर बसलो. फलक लागला त्या आठवड्यात रांग निम्मी झाली. जकात एका पैशाने कमी झाली नव्हती. माणसाला कर इतका बोचत नाही, जितकी मर्जी बोचते.

परदेशी बंदरात जाणाऱ्याला आमचा सल्ला याच अनुभवातून निघतो. निघण्यापूर्वी त्या देशाचा छापील नियम वाचा. जे बंदर परदेशी होड्यांच्या पहिल्या आगमनासाठी ठरविले आहे, तेथेच जा. वाटेतल्या सुंदर खाडीत रात्रभर नांगर टाकायचा मोह धरू नका. माणसांच्या यादीच्या भरपूर प्रती ठेवा. नीट कपडे घालून कचेरीत जा, कारण तुम्ही कोणाच्या तरी कामाच्या जागी जात आहात. खरे सांगा. आणि पैसे दिले की पावती मागा, शांतपणे मागा.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फाटकावरचा प्रश्न सर्वांना सारखा असला, तरी उत्तराची किंमत सारखी असत नाही. श्रीमंत देशाचा पासपोर्ट घेऊन आलेल्या होडीवाल्याला जेथे तासाभरात शिक्का मिळतो, तेथे भारतीय पासपोर्ट असलेल्याला बऱ्याचदा महिनाभर आधी व्हिसासाठी खेटे घालावे लागतात. जहाजावर नोकरी करणाऱ्या खलाशाला किनाऱ्यावर उतरता यावे म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५८ साली ओळखपत्राचा करार केला आणि २००३ साली तो नवा केला. हे खलाशांच्या संघटनांनी लढून मिळविले आहे. हौशी दर्यावर्द्यांना तसे काही नाही.

आणि ज्याला हौसही नाही नि नोकरीही नाही, पोटासाठी जो समुद्रात जातो, त्याचे काय? आपल्या पालघरचे नि गुजरातचे मच्छीमार मासळीच्या मागे कच्छकडच्या समुद्रात जातात. पाण्यावर रेघ ओढलेली नसते. सर क्रीकच्या भागात तर हद्दच दोन देशांत ठरलेली नाही. पलीकडचे पहारेकरी त्यांना पकडतात आणि कराचीच्या तुरुंगात नेतात. तिकडचे मच्छीमारही असेच आपल्या तुरुंगात येतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमारांची वेगळी यादी असते. वेगळी यादी करावी लागते, यातच सारे आले.

१९८२ च्या त्याच सागरी कायद्यात एक कलम आहे, त्र्याहत्तरावे. किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर तसा वेगळा करार असल्याखेरीज कैदेची शिक्षा देऊ नये आणि योग्य जामीन घेऊन होडी नि माणसे लवकर सोडावीत, असे ते सांगते. भारताने हा कायदा १९९५ साली मान्य केला, पाकिस्तानने १९९७ साली. बारा मैलांच्या आत हे कलम लागू नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु त्याच्यामागचा विवेक बारा मैलांवर येऊन संपावा, असे कोण म्हणेल? हौसेने आलेल्या होडीला पिवळे निशाण आहे, कचेरी आहे, अठरा महिन्यांची मुदत आहे. वल्ह्याच्या नि इंजिनाच्या जोरावर पोट भरणाऱ्याच्या होडीला तसे एखादे निशाण नाही. तो सुटून आला तरी त्याची होडी बहुधा मागेच राहते, आणि होडी गेली म्हणजे कर्ज तेवढे घरी उरते. किनाऱ्यावर मागे राहिलेल्या बायकांनी या याद्यांवर नावे शोधत वर्षे काढली आहेत.

आमचे म्हणणे फाटके मोडून टाका असे नाही. रोग, शस्त्रे, चोरटा माल, परका किडा यांच्यापासून देशाने स्वतःला राखलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, फाटकावर नियम लिहिलेला असावा, तो थोराला नि गरिबाला एक असावा, आणि "कुठून आलात?" हा प्रश्न विचारल्यावर उत्तर ऐकून घेण्याची तयारी असावी. फालमथच्या अधिकाऱ्यांनी विक्रमवीराला प्रश्न विचारला आणि त्याचे अजब उत्तर कागदावर मांडून त्याला आत घेतले. डहाणूच्या मच्छीमाराचे उत्तर त्याहून पुष्कळ साधे असते. तेही कोणीतरी लिहून घ्यावे आणि त्याला घरी जाऊ द्यावे, यासाठी आपल्या शहरातून एखादे निवेदन निघाले, तर आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.